चिनी वैद्यकातील कालविचार आणि निद्रा : 'अवयव-घड्याळा'चा पुनर्विचार

प्रास्ताविक

पारंपरिक चिनी वैद्यकाचा विषय निघाला की अलीकडे एक वर्तुळाकार तक्ता हमखास पुढे येतो. वर्तुळाचे बारा समान भाग, प्रत्येक भाग दोन तासांचा, आणि प्रत्येक भागावर एकेका अवयवाचे नाव. रात्री अकरा ते एक पित्ताशय, एक ते तीन यकृत, पहाटे तीन ते पाच फुप्फुस, पाच ते सात मोठे आतडे, याप्रमाणे अहोरात्राची फेरी पूर्ण होते. तक्त्याखाली त्याचा उपयोगही सांगितलेला असतो : रोज ज्या वेळी झोपमोड होते, त्या वेळेचा अवयव बिघडला आहे असे समजावे. एक ते तीनच्या दरम्यान जाग येत असेल तर यकृतात साठलेला क्रोध, तीन ते पाचच्या दरम्यान येत असेल तर फुप्फुसातील शोक. २०१७ साली जैविक घड्याळाच्या रेण्वीय यंत्रणेवरील संशोधनाला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून या तक्त्याला आणखी एक वाक्य जोडले जाऊ लागले आहे. आधुनिक विज्ञानाने आज जे सिद्ध केले ते चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच ज्ञात होते, असे ते वाक्य होय.

परंपरेचा आदर आणि विज्ञानाचा पुरावा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात साधल्यासारखे वाटत असल्यामुळे हे विधान सहसा तपासले जात नाही. प्रस्तुत लेखात ते मूळ ग्रंथपरंपरेच्या आधारे तपासले आहे. ही तपासणी पुढे जाऊ लागली की एक अनपेक्षित गोष्ट लक्षात येते. हा तक्ता ज्या प्राचीन ग्रंथांच्या नावावर खपतो, त्या ग्रंथांतील निद्राविचार या तक्त्यात नाहीच. आणि जो निद्राविचार त्या ग्रंथांत आहे तो या तक्त्यामुळे झाकला गेला आहे.

तक्त्याची घडण

प्राचीन चीनमध्ये अहोरात्राचे बारा भाग मानले जात. या भागास 'शिछन' असे म्हणत. उंदीर, बैल, वाघ, ससा अशा बारा प्राण्यांशी जोडलेली जी बारा चिन्हे वर्षगणनेत वापरली जातात, तीच या भागांनाही लावली जात. मध्यरात्रीचा भाग 'त्झ', म्हणजे उंदराचा. मध्यान्हीचा 'वू', म्हणजे घोड्याचा. युरोपीय पद्धतीचा तास चीनमध्ये आला तेव्हा तो शिछनाच्या निम्म्या लांबीचा असल्यामुळे त्याला 'लहान शिछन' अशा अर्थाचे नाव मिळाले, आणि आजच्या चिनी भाषेतही तासाला तोच शब्द आहे. याखेरीज जलघटिकेने मोजलेले दिवसाचे शंभर भागही प्रचारात होते. शंभराला बाराने नि:शेष भाग जात नसल्याने दोन्ही मोजमापांचा मेळ घालणे ही तेथील पंचांगकर्त्यांची जुनीच डोकेदुखी होती. छिंग राजवटीत शंभरांचे शहाण्णव भाग करून ती मिटविण्यात आली.

वैद्यकाचा आद्य ग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' हा होय. त्याचे संकलन सामान्यत: इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमाराचे मानले जाते. त्याचे 'सूवेन' आणि 'लिंगशू' असे दोन भाग आहेत. 'लिंगशू'च्या सोळाव्या अध्यायात पोषक 'छी' शरीरातील वाहिन्यांतून कोणत्या क्रमाने वाहते ते सांगितले आहे : फुप्फुसवाहिनीतून मोठ्या आतड्याच्या, तेथून जठराच्या, मग प्लीहेच्या, असे करीत शेवटी यकृताच्या वाहिनीत, आणि तेथून पुन्हा फुप्फुसात. तक्त्यातील अवयवांचा क्रम नेमका हाच आहे. मात्र या अध्यायात क्रम आहे, तासवारी नाही. कोणत्या वाहिनीत किती वाजता प्रवाह पोहोचतो याविषयी तेथे एक शब्दही आढळत नाही.

वाहिन्यांचा क्रम आणि बारा शिछन यांची जोडी जुळविण्याचे काम पुढे पुष्कळ शतकांनी झाले. 'त्झ-वू ल्यू-जू' या नावाने ओळखले जाणारे हे शास्त्र आहे. त्झ म्हणजे मध्यरात्र, वू म्हणजे मध्यान्ह, ल्यू म्हणजे वाहणे आणि जू म्हणजे ओतले जाणे. या विषयावरील उपलब्ध ग्रंथांपैकी सर्वांत जुना ग्रंथ जिन राजवटीतील, म्हणजे बाराव्या शतकातील आहे. त्यानंतर मिंग काळात, पंधराव्या शतकातील शू फेंग याच्या ग्रंथापासून १६०१ साली प्रसिद्ध झालेल्या यांग जीजोउ याच्या बृहद्ग्रंथापर्यंत, त्याचा विस्तार होत गेला. या शास्त्राचे प्रयोजन काय, हे त्याच्या तपशिलांतूनच स्पष्ट होते. दहा दिवसांच्या चक्रात हातापायांवरील ६६ बिंदूंपैकी कोणता बिंदू कोणत्या शिछनात 'उघडा' असतो, तो उघडा असतानाच सुई कशी टोचावी, भरलेल्या वाहिनीचा निचरा तिच्या वेळी आणि रिकाम्या वाहिनीला बळ तिची वेळ सरल्यावर का द्यावे, हे त्याचे विषय आहेत. थोडक्यात, ते सूचिवेधाचे मुहूर्तशास्त्र होते. रोग्याला किती वाजता जाग येते यावरून अवयवाचे निदान करण्याचे ते साधन नव्हते. निदानाचा हा उपयोग अगदी अलीकडचा असून तो ग्रंथांपेक्षा लोकप्रिय आरोग्यलेखनातच अधिक आढळतो.

अकरा, बारा आणि पन्नास

तक्त्याच्या प्राचीनत्वाला आणखी एक अडचण आहे. १९७३ साली हुनान प्रांतात चांगशा शहराजवळील मावांगदुई येथे, इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या एका थडग्यातून रेशमावर व बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ मिळाले. वाहिन्यांचे वर्णन करणारे ग्रंथ त्यांत आहेत आणि त्यांत वाहिन्यांची संख्या बारा नसून अकरा आहे. अकरा वाहिन्या बारा प्रहरखंडांत बसविता येणार नाहीत हे उघड आहे. बारावी वाहिनी, म्हणजे हृदयावरणाची, नंतरची भर होय. संख्या बारा का झाली असावी याची चर्चा अभ्यासकांत होत असते. महिने बारा आणि शिछनही बारा असताना शरीराने मागे राहू नये अशी त्या काळच्या विश्वकल्पनेची ओढ असावी, हे उत्तर सर्वांत पटण्यासारखे वाटते.

याहून महत्त्वाची विसंगती 'लिंगशू'मध्येच आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायानुसार छी शरीरात दिवसातून एकदा नव्हे, तर पन्नास वेळा फिरते. हिशोब असा : मनुष्य अहोरात्रात १३,५०० श्वास घेतो, २७० श्वासांत छीची एक फेरी पूर्ण होते, म्हणून पन्नास फेऱ्या. सूर्याचे अठ्ठावीस नक्षत्रस्थानांतील भ्रमण आणि जलघटिकेचे शंभर भाग यांच्याशी हा हिशोब जोडलेला आहे. आजच्या मापाने एक फेरी २८.८ मिनिटांची होते. (येथे हठयोगाच्या ग्रंथांतील २१,६०० श्वासांची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष मोजणीच्या दृष्टीने भारतीय आकडा मिनिटास पंधरा श्वास, म्हणजे वास्तवाच्या बराच जवळ जातो. चिनी आकडा मिनिटास साडेनऊच्याही खाली राहतो. तथापि दोन्ही आकडे मोजून नव्हे, तर गणिताच्या सोयीने आलेले दिसतात.) जी छी अर्ध्या तासात संपूर्ण देह फिरून येते, ती यकृतात दोन तास मुक्काम करते असे त्याच ग्रंथाच्या आधारे म्हणता येत नाही. एका फेरीचा सिद्धान्त आणि पन्नास फेऱ्यांचा सिद्धान्त हे दोन भिन्न सिद्धान्त आहेत, आणि नेइजिंगमधील सिद्धान्त दुसरा आहे.

तिसरे वेळापत्रक हान काळाच्या अखेरीस, इ. स. २०० च्या सुमारास, जांग जोंगजिंग याने लिहिलेल्या 'शांगहान लुन' या ज्वरचिकित्सेच्या ग्रंथात मिळते. रोगाच्या सहा अवस्था आणि प्रत्येक अवस्थेतील व्याधी उतरणीला लागण्याची वेळ तेथे दिलेली आहे. 'यांगमिंग' अवस्थेची वेळ आहे दुपारी तीन ते रात्री नऊ. जठर आणि मोठे आतडे यांच्या वाहिन्या यांगमिंग याच नावाच्या आहेत. अवयव-घड्याळात मात्र त्यांची वेळ पहाटे पाच ते सकाळी नऊ अशी दाखविलेली असते. 'ज्युएयिन' या शेवटच्या अवस्थेची वेळ, रात्री एक ते सकाळी सात, यकृताच्या एक ते तीन या वेळेस अंशत: झाकते. नेमका तेवढाच भाग तक्त्याच्या समर्थनार्थ उद्धृत केला जातो, उरलेल्या पाच अवस्थांविषयी मौन पाळले जाते. परंपरा एकसंध नसते. तिच्यात परस्परांशी न जुळणारी अनेक वेळापत्रके शतकानुशतके शेजारी-शेजारी नांदत होती, ही गोष्ट तक्त्याच्या गुळगुळीत वर्तुळात दिसत नाही.

नेइजिंगमधील निद्रेची उपपत्ती

मग नेइजिंग निद्रेविषयी काय सांगते? त्याचे उत्तर 'वेइ छी', म्हणजे संरक्षक छी, या संकल्पनेत आहे. ही छी वाहिन्यांच्या बाहेरून वाहते, त्वचा व स्नायूंना ऊब देते, आणि बाहेरच्या उपद्रवापासून देहाचे रक्षण करते. दिवसा ती यांगमध्ये, म्हणजे शरीराच्या बाह्य भागात, पंचवीस फेऱ्या घेते. रात्री यिनमध्ये, म्हणजे आतील पाच अवयवांत, पंचवीस फेऱ्या घेते. पहाटे ती डोळ्यांपाशी वर येते तेव्हा डोळे उघडतात. संध्याकाळी ती आत शिरते तेव्हा झोप येते. पहारेकरी दिवसभर तटावर हिंडावा आणि रात्री वाड्याच्या आत यावा, तशी ही कल्पना आहे. आतील फेरीचा मार्गही दिलेला आहे : मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस, यकृत, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. म्हणजे एका रात्रीत ती यकृतातून एकदा नव्हे, तर पंचवीसदा जाते.

या उपपत्तीचा लाभ असा की निद्रानाशाचे स्पष्टीकरण तिच्यातून आपोआप निघते. वेइ छी काही कारणाने आत जाऊ शकली नाही, तर ती बाहेरच राहते, यांग भरून जातो, आणि डोळा मिटत नाही. याच्या उलट ती आतच अडकून राहिली तर डोळा उघडत नाही आणि दिवसा गुंगी राहते. 'लिंगशू'च्या ऐंशीव्या अध्यायात या दोन्ही अवस्थांची चर्चा आहे. येथे प्रश्न 'किती वाजता' हा नसून 'वाट मोकळी आहे का' हा आहे. कालविचार आहे, पण तो दिवस आणि रात्र यांच्या आलटून-पालटून येण्याचा आहे, दोन-दोन तासांच्या खणांचा नाही.

वृद्धांच्या निद्रेवरील प्रश्नोत्तर या दृष्टीने विशेष वाचनीय आहे. वृद्धांना रात्री झोप का लागत नाही आणि तरुणांना दिवसा झोप का येत नाही, असा प्रश्न सम्राट 'लिंगशू'च्या अठराव्या अध्यायात विचारतो. उत्तर असे की, तरुणांचे रक्त व छी भरपूर असते, स्नायू निसरडे असतात आणि छीच्या वाटा मोकळ्या असतात, म्हणून दोन्ही छींचा प्रवास नियमाने होतो. दिवसा तरतरी आणि रात्री गाढ झोप. वृद्धांचे रक्त व छी ओसरतात, स्नायू सुकतात, वाटा खरबरीत होतात, आणि म्हणून ते दिवसा टवटवीत नसतात व रात्री झोपत नाहीत. म्हातारपणी रात्रीची झोप तुटक होते आणि दिवसा डुलकी येते, म्हणजे दिवस-रात्रीतील उंचसखलपणाच कमी होतो, हे निरीक्षण अचूक आहे. आजच्या निद्राविज्ञानातही वार्धक्यात दैनिक लयीची उंची घटते असेच सांगितले जाते. कारणमीमांसा वेगळी, परंतु दोन हजार वर्षांपूर्वी रुग्णांकडे बारकाईने पाहिले गेले होते याची साक्ष या उत्तरात मिळते. तक्त्याच्या कैवाऱ्यांना परंपरेची थोरवीच दाखवावयाची असेल, तर त्यांनी हा उतारा दाखवावा.

निद्रानाशावरील औषधही या उपपत्तीला धरून आहे. 'लिंगशू'च्या एकाहत्तराव्या अध्यायात बानशिया आणि एक प्रकारचे चिकट धान्य, बहुधा राळा, यांचा काढा सांगितला आहे. बानशिया ही अळू-सुरणाच्या कुळातील एका वनस्पतीची गाठ आहे. ती कच्ची खाल्ली तर घशाला अळूसारखीच खाज सुटते, म्हणून शुद्ध करूनच वापरतात. काढ्यासाठी लांबून वाहत आलेले पाणी घ्यावे, ते हजारो वेळा घुसळावे, वरचे निवळ घ्यावे, बोरूच्या जाळावर शिजवावे, अशा सूचना आहेत. वाहते, घुसळलेले पाणी कशासाठी, तर तुंबलेली वाट मोकळी करण्यासाठी. नवा आजार असेल तर पेला उपडा करून आडवे होताच घाम येऊन झोप लागेल, जुना असेल तर तीन मात्रांत गुण येईल असे आश्वासनही आहे. ते आज कोणी अक्षरश: घेऊ नये. मात्र काढा जठराच्या तक्रारींशी संबंधित आहे ही गोष्ट महत्त्वाची आहे. जठर स्वस्थ नसेल तर झोपही स्वस्थ नसते, हा विचार 'सूवेन'मध्येही स्वतंत्रपणे आलेला आहे.

यकृताचा निद्रेशी संबंध नेइजिंगमध्ये नाही असे नाही. माणूस आडवा झाला की रक्त यकृताकडे परतते असे 'सूवेन'च्या दहाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि यकृत हे 'हुन' या आत्मतत्त्वाचे निवासस्थान मानले आहे. हुनला रात्री आसरा मिळाला नाही तर झोप स्वप्नांनी गजबजते, असा विचार पुढे रूढ झाला. जांग जोंगजिंगच्या 'जिनगुई याओल्युए' या ग्रंथातील रानबोरीच्या बियांचा काढा याच विचाराशी जोडला जातो. थकवा, बेचैनी आणि झोप न लागणे यांवर तो आजही तैवान व चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर दिला जातो. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली, यकृताचा हा संबंध रात्रीशी आहे, रात्री एक ते तीनशी नाही. दुसरी, चिनी वैद्यकातील 'यकृत' हा शब्द शवविच्छेदनात दिसणाऱ्या अवयवापुरता मर्यादित नसून रक्ताची साठवण, डोळे, स्नायुबंध, क्रोध आणि वसंत ऋतू अशा कार्यसमूहाचे ते नाव आहे. बारापैकी एक नाव तर असे आहे की त्याला शरीरात निश्चित अवयवच नाही. 'सान्-ज्याओ' म्हणजे तीन दाहस्थाने. तक्त्याच्या भाषांतरात त्याच्या जागी कधी अंत:स्रावी ग्रंथी, कधी चयापचय लिहिलेले आढळते, ते भाषांतरकाराच्या सोयीनुसार.

झोपेच्या वेळेविषयी नेइजिंग मौन बाळगत नाही, पण त्याची वेळ ऋतूंवर ठरते. 'सूवेन'च्या दुसऱ्या अध्यायानुसार वसंत व ग्रीष्मात उशिरा झोपून लवकर उठावे, शरदात लवकर झोपून कोंबड्याबरोबर उठावे, आणि हेमंतात लवकर झोपून उशिरा, सूर्याची वाट पाहून उठावे. उत्तर चीनचा कडक हिवाळा डोळ्यांपुढे आणला म्हणजे या नियमाचा व्यवहार लक्षात येतो. 'रात्री अकराच्या आत झोपलेच पाहिजे, अन्यथा पित्ताशयाचे नुकसान होते' हा बारमाही नियम या ग्रंथात नाही. आपल्याकडील दिनचर्या-ऋतुचर्येच्या विचाराशी या अध्यायाचे साम्य सहज जाणवते. तथापि त्यावरून एका परंपरेने दुसरीकडून उचल केली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

आधुनिक जैविक घड्याळ : साम्य कोठे, भेद कोठे

१७२९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ याने लाजाळूसारखी एक वनस्पती काळोखात ठेवली आणि तिची पाने सूर्यप्रकाश नसतानाही नेहमीच्या वेळीच उघडमीट करतात असे नोंदविले. दैनिक लय बाहेरून लादलेली नसून आतून चालणारी आहे, या विचाराचा आरंभ येथून होतो. १९७१ मध्ये फळमाशीत ही लय बिघडविणारे एक जनुक सापडले. १९८४ मध्ये ते वेगळे करण्यात आले. आणि जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले ते या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल. पेशीतील एक प्रथिन साठत जाते, पुरेसे साठल्यावर आपल्याच जनुकाचे काम थांबविते, हळूहळू विघटित होते, आणि काम पुन्हा सुरू होते. ही फेरी सुमारे चोवीस तासांची असते. मानवी मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका हे मध्यवर्ती घड्याळ चालवितो. मानवाची आंतरिक फेरी चोवीस तासांहून किंचित मोठी असल्याने डोळ्यांत शिरणारा प्रकाश ती रोज जुळवून घेतो.

अवयवांना स्वतंत्र घड्याळे असतात हेही खरे आहे, आणि तक्त्याचे समर्थक याच मुद्द्यावर भर देतात. यकृताच्या पेशींत तीच यंत्रणा चालते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, त्यांना त्यांच्या नेहमीच्या वेळेऐवजी केवळ दिवसा अन्न दिले असता यकृताचे घड्याळ उलटे फिरले, मेंदूतील घड्याळ मात्र जागच्या जागी राहिले, असे दिसून आले. परंतु यातून निघणारा अर्थ तक्त्याच्या नेमका विरुद्ध आहे. प्रत्येक अवयवाचे घड्याळ चोवीस तास चालू असते. अवयव पाळीपाळीने दोन तास कामावर येत नाहीत. शिवाय जेवणाची वेळ बदलली की यकृताची वेळ बदलते, म्हणजे ती सर्वांसाठी एक ते तीन अशी नेमलेली असू शकत नाही.

पहाटे चारच्या सुमारास दम्याच्या रुग्णांचा श्वासमार्ग सर्वाधिक आकुंचित असतो, ही वैद्यकात सुपरिचित बाब आहे, आणि तीन ते पाच ही फुप्फुसाची वेळ तिच्याशी जुळते. हा एक जुळणारा दाखला सर्वत्र दिला जातो. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते बारा या काळात अधिक येतात, तेव्हा तक्त्यात बराच वेळ मोठे आतडे, जठर आणि प्लीहा यांची पाळी चालू असते. हा दाखला कोणी देत नाही. बारा खणांचा तक्ता आणि शेकडो लयी यांत काही जागी मेळ बसणारच. तो पुरावा ठरण्यासाठी न जुळणाऱ्या जागाही मोजाव्या लागतील.

यापेक्षा वेइ छीच्या कल्पनेशी केलेली तुलना अधिक फलदायी ठरते. झोप-जागेच्या फेऱ्याचे दार डोळ्यांपाशी आहे, जाग आणि झोप या एकाच प्रवाहाच्या दोन दिशा आहेत, आणि रात्री न झोपणे व दिवसा गुंगणे या एकाच बिघाडाच्या दोन बाजू आहेत, हे तीन विचार आजच्या निद्राविज्ञानाला परके नाहीत. अलेक्झांडर बोर्बेली याने १९८२ मध्ये मांडलेल्या प्रारूपातही दैनिक लय आणि जागेपणी साचत जाणारी झोपेची ओढ अशा दोन प्रक्रियांच्या मेळातून निद्रा स्पष्ट केली आहे. अर्थात, हे साम्य प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे, उत्तरात नाही. वेइ छी कोणत्याही उपकरणाने मोजलेली नाही, आणि डोळ्यांतील प्रकाशसंवेदी पेशी म्हणजेच ती, असे म्हणणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे आहे.

कोणत्या घड्याळातील तीन?

तक्त्यातील वेळ नेमकी कोणती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिछन सूर्यावरून ठरत असे. मध्यान्ह म्हणजे त्या स्थानी सूर्य माथ्यावर येण्याची वेळ. चीन पूर्व-पश्चिम अवाढव्य पसरलेला असूनही १९४९ नंतर तेथे १२० अंश पूर्व रेखांशावर आधारलेली एकच प्रमाणवेळ आहे. शिंजियांगमधील काशगर सुमारे ७६ अंशांवर आहे. प्रत्येक अंशास चार मिनिटे धरल्यास तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या जवळजवळ तीन तास मागे असतो. अधिकृत घड्याळात रात्रीचा एक वाजतो, तेव्हा सूर्याप्रमाणे तेथे रात्रीचे दहा झालेले असतात. म्हणजे यकृताची पाळी सुरू झाली असे घड्याळ सांगत असता जुन्या गणनेनुसार सान्-ज्याओची पाळी अर्ध्यावर असते. हाच तक्ता मुंबईत वापरावयाचा झाल्यास भारतीय प्रमाणवेळेतून सुमारे एकोणचाळीस मिनिटे वजा करावी लागतील. हा फरक ज्येष्ठ पिढीला अपरिचित नाही. १९५५ पर्यंत मुंबईत चाललेली 'बॉम्बे टाइम' ही स्थानिक वेळ तेवढीच मागे होती. मध्ययुगीन सूचिवेधकारांनी ही दुरुस्ती केल्याशिवाय सुई उचलली नसती. आजचा तक्ता मनगटी घड्याळावरून वाचला जातो आणि तरीही दोन तासांच्या अचूकतेचा दावा करतो.

पहाटेची जाग आणि उपचार

रात्री एक ते पाचच्या दरम्यान पुष्कळांना जाग येते आणि त्यामुळे तक्ता बरोबर वाटतो. त्याचे कारण झोपेच्या रचनेत आहे. झोप साधारण दीड तासाच्या आवर्तनांनी पुढे सरकते; गाढ झोपेचा बहुतांश भाग रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात उरकतो; त्यानंतर झोप हलकी आणि स्वप्नबहुल होते. अकराला झोपणाऱ्याच्या बाबतीत एक-दोननंतर क्षणभर जाग येणे हा झोपेचा स्वभावच आहे. ती जाग लांबू लागली तर मात्र कारणे शोधावी लागतात, आणि ती अनेक आहेत : नैराश्यात पहाटे फार लवकर जाग येते, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असतो, रात्रीची लघवी, आम्लपित्त, मद्य, काही औषधे आणि क्वचित हृदयाची दुर्बलता. यांपैकी काही गोष्टी वेळीच न ओळखल्यास जिवावर बेततात. नैराश्यग्रस्त व्यक्तीला तिच्या यकृतात क्रोध साठला आहे असे सांगून घरी पाठविण्याची किंमत केवळ वैचारिक नसते.

उपचारांविषयीही अतिरिक्त आश्वासन देण्याजोगी स्थिती नाही. निद्रानाशावरील ॲक्युपंक्चरच्या ३३ चाचण्यांचा आढावा कोक्रेन संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. चाचण्यांचा दर्जा पाहता ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असा त्याचा अभिप्राय होता. औषधे सौम्यच असतात हा समजही खरा नाही. मन शांत करणाऱ्या काही जुन्या पाठांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत 'जिन बू हुआन' नावाच्या गोळ्या वेदना व निद्रानाशावर विकल्या जात असत. त्या घेतलेल्या काही व्यक्तींना यकृतदाह झाल्याचे त्याच दशकात नोंदविले गेले. यकृत शांत व्हावे म्हणून घेतलेल्या औषधाने यकृतच सुजावे, हा प्रसंग तक्ता वाटणाऱ्यांनी लक्षात ठेवावयास हवा.

परंपरेतील जाणत्या वैद्यांनी स्वत: वेळेच्या कोष्टकावर निदान सोपविलेले दिसत नाही. मिंग काळाच्या अखेरीस, १६२४ च्या सुमारास, जांग ज्येबिन याने आपल्या बृहद्ग्रंथात निद्रानाशाचे दोनच मूळ प्रकार केले : बाहेरच्या वा आतल्या उपद्रवाने झोप न येणे, आणि असा उपद्रव नसताना केवळ क्षीणतेमुळे न येणे. पहिल्या प्रकारात ज्वर, कफ, दाह, अपचन येतात. दुसऱ्यात अतिश्रम, चिंता, भय आणि रक्ताचा अभाव. या गंभीर यादीच्या मध्येच तो आणखी दोन साध्या गोष्टी नोंदवितो. कडक चहा प्याल्याने झोप येत नाही, आणि मनाला काही लागून राहिले असेल तरीही येत नाही.